कापसाच्या पैशाची गाडी: शुल्क उतरेपर्यंत थांबायचं का?

राळेगाव तालुक्यातल्या एका कास्तकार भावाने तीन प्रश्न विचारले आहेत. कापसाचा चुकारा हातात आला आहे, सात-आठ लाखांत घरची गाडी घ्यायची आहे. पण युरोपशी करार होऊन गाड्यांवरचं आयात शुल्क ११० वरून १० टक्क्यांवर येणार अशी बातमी आहे आणि पोरगा म्हणतो, सहा महिने थांबा. तर थांबायचं का? दुसरं, तेवढ्याच पैशात नागपुरात एक जुनी जर्मन एसयूव्ही मिळते आहे, ती कशी? तिसरा प्रश्न त्यांनी रागानेच विचारलाय: कापसावरचं शुल्क सरकारने एका रात्रीत उठवलं, मग गाड्यांवर शंभराच्या वर कोणासाठी ठेवलं?

मी गाड्यांचे सुटे भाग विकतो. आधी अमरावतीला एका शोरूमच्या पार्ट्स खात्यात होतो, मग यवतमाळ जिल्ह्यात स्वतःचं दुकान टाकलं. शुल्क वाढलं किंवा उतरलं की ते माझ्या बिलात कधी आणि किती येतं, हे पाहण्यातच माझं आयुष्य गेलं आहे.

थांबू नका. करार खोटा आहे म्हणून नाही. २७ जानेवारी २०२६ ला युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली आणि गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायचं ठरलं, हे खरं आहे. पण ते वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या कोट्यापुरतं आहे, आणि घोषणेनंतर सह्या, मंजुऱ्या, अधिसूचना अशी लांब वाट असते. आपल्या देशात वर्षाला ४३ लाखांच्या आसपास प्रवासी गाड्या विकल्या जातात, त्यावरून त्या कोट्याचा अंदाज घ्या. आणि मुख्य म्हणजे तुमच्या बजेटची गाडी त्या जहाजात नसतेच. युरोपात साधी छोटी गाडीसुद्धा रुपयांत मोजली तर पंधरा लाखांच्या आसपास जाते. ती शुल्क शून्य करून आणली तरी आपल्याकडच्या सात लाखांच्या गाडीसमोर कशी टिकणार?

तरी हिशेब समजून घ्या, कारण बातमीत फक्त टक्का असतो. तयार गाडी बंदरावर आली की तिची किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा मिळून जो आकडा होतो त्यावर सीमाशुल्क लागतं. ४० हजार डॉलरच्या आतल्या गाडीला ७० टक्के, त्यावरच्या महागड्या गाडीला सगळं धरून ११० टक्के. मग शुल्कासकट रकमेवर जीएसटी, मोठ्या पेट्रोल-डिझेल गाडीला ४० टक्के. म्हणजे बंदरावर १०० रुपयांची गाडी आधी १७० ची होते आणि जीएसटी लागून २३८ ची. ११० टक्क्यांत बसणारी २९४ ची. कंपनीचा आणि डीलरचा नफा, आरटीओ, विमा हे अजून पुढेच आहे. शुल्क १० टक्के झालं तर तीच गाडी १५४ ला येईल. ज्याला साठ लाखांची गाडी घ्यायची आहे त्याने जरूर थांबावं. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत मॉडेल वाय आणली ती सुमारे ६० लाखांना. अमेरिकेत तिची सुरुवात ४५ हजार डॉलरच्या आसपास होती, म्हणजे तेव्हाच्या दराने ३८-३९ लाख. विजेच्या गाडीला जीएसटी फक्त ५ टक्के असूनही एवढा फरक, आणि त्यातला मोठा वाटा शुल्काचाच.

तुमच्या गाडीचा भाव दुसऱ्या गोष्टी ठरवतात. सगळ्यात मोठी जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांचा कर १८ टक्के झाला. आधी पेट्रोलला २८ आणि वर सेस मिळून २९ टक्के पडायचे. कर सोडून ५ लाखांची गाडी आधी ६ लाख ४५ हजारांना पडायची, आता ५ लाख ९० हजारांना. सरळ ५५ हजारांचा फरक. आता शुल्काचा हिशेब लावा. समजा त्याच गाडीत ५० हजारांचे भाग परदेशातून आले. भागांवर साधारण १५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १० टक्के अधिभार, म्हणजे साडेसोळा टक्के. रुपयांत ८ हजार २५०. उद्या सरकारने ते सगळं माफ केलं आणि कंपनीने रुपया न रुपया तुम्हाला दिला, तरी एवढंच. आणि कंपनी रुपया न रुपया देत नसते. तुम्ही ज्या मोठ्या सवलतीची वाट पाहता आहात ती दिवाळीच्या आधीच येऊन बसली आहे. घ्या गाडी, मात्र उत्पादनाचा महिना आणि साल पाहून घ्या. जानेवारीनंतर मागच्या सालचा माल खपवायला सूट देतात. सूट चांगली असेल तर माझी हरकत नाही, पण विकताना गाडी एका वर्षाने जुनी धरतात हे भावात वसूल करा.

इथल्या गाडीत परदेशी काय असतं, हे लोकांना दिसत नाही. पत्रा, टायर, सीट, काच, वायरिंग बहुतेक इथलंच. बाहेरून येतात ते एअरबॅगचे काही घटक, ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या एबीएसच्या मेंदूतल्या चिप, काही सेन्सर, काही खास बेअरिंग. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले तेव्हा सायलेन्सरकडे ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम वाढलं. त्यात पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे धातू लागतात, ते आयातच होतात. माझ्या काउंटरवर एकाच गाडीचं पुढच्या चाकाचं बेअरिंग तीन खोक्यांत येतं. एक गाडी कंपनीच्या नावाचं, एक बेअरिंग बनवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचं, आणि एक कोणीच न ऐकलेल्या नावाचं. पहिल्या दोन खोक्यांतल्या रिंगवर कोरलेला नंबर पुष्कळदा एकच निघतो, भावात मात्र बरीच तफावत. आयात मालाच्या खोक्यावर देशाचं नाव, आयातदार, महिना-साल आणि एमआरपी छापावी लागते. गिऱ्हाईक एमआरपी बघतं, मी महिना बघतो. शुल्क वाढलं की आठ दिवसांत जुन्या खोक्यावर नवी एमआरपी असलेली चिठ्ठी चिकटते. उतरलं की कंपनी सांगते, जुना साठा संपू द्या. तो साठा संपता संपत नाही.

त्याहून बारीक चावा डॉलरचा. २०२५ च्या सुरुवातीला डॉलर ८५-८६ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबरात नव्वदीच्या वर गेला. शुल्क रुपयातल्या किमतीवर लागतं, म्हणजे टक्का तसाच राहूनही शुल्काची रक्कम वाढते. याची बातमी कोणी देत नाही. पत्र्याचंही तसंच. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने स्वस्त परदेशी पोलाद रोखायला काही सपाट पोलादावर १२ टक्के संरक्षण शुल्क लावलं. पोलाद कारखान्यांना ते हवंच होतं, पत्रा विकत घेणाऱ्या गाडी कारखान्यांना नको होतं. एकाचं संरक्षण म्हणजे दुसऱ्याचा खर्च, हे इथे एकाच गाडीच्या बोनेटमध्ये दिसतं. आणि कधी भावाचा प्रश्नच उरत नाही, मालच मिळत नाही: ४ एप्रिल २०२५ ला चीनने दुर्मिळ धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि विजेच्या गाड्यांच्या मोटारी बनवणाऱ्यांची पळापळ झाली.

आता कारखान्यांकडे. तयार गाडीवर ७० ते ११०, पण पूर्ण सुट्या भागांचा संच, ज्याला धंद्यात किट म्हणतात, त्यावर १५ टक्के. किटमध्ये इंजिन किंवा गिअरबॉक्स आधीच जोडून आला तर ३५. ही पायरी मुद्दाम ठेवलेली आहे: गाडी विकायची तर निदान जोडणी तरी इथे करा, आणि भाग इथे बनवले तर अजून बरं. म्हणून मर्सिडीज चाकणला जोडली जाते, ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला, बीएमडब्ल्यू चेन्नईला. आणि पायरी आली की ती कुठे संपते यावर भांडणही येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क खात्याने स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सुमारे १४० कोटी डॉलरच्या मागणीची नोटीस दिली. आरोप असा की जवळजवळ पूर्ण गाडी वेगवेगळ्या खेपांमधून सुटे भाग म्हणून आणली आणि ३०-३५ टक्क्यांऐवजी ५ ते १५ टक्केच भरले. कंपनीने आरोप नाकारला आणि ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. खरंखोटं न्यायालय पाहील. पण दोन दरांमधली दरी एवढी मोठी असली की खोक्यात काय आहे यापेक्षा खोक्यावर काय लिहिलंय याला मोल येतं, हे पार्ट्सवाल्याला पटकन समजतं.

या पायऱ्यांनी देशाचं भलं झालं का? माझं मत, पहिली पंधरा-वीस वर्षं झालं, पुढे थोडी सवय लागली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा ती सुझुकीच्या किटवरच जोडलेली होती. मग इथले भाग वाढवत न्यायची अट, त्यातून गुरुग्रामच्या आसपास, इकडे पिंपरी-चिंचवडला भाग बनवणारे शेकडो छोटे कारखाने उभे राहिले. आज आपल्या तालुक्यातल्या गावागावातून आयटीआय झालेले पोट्टे चाकणला कंत्राटावर आहेत, ते याच साखळीच्या शेवटच्या कडीत. छोट्या गाडीत इथल्या कंपन्याच एकमेकींशी एवढ्या झुंजतात की भाव आपोआप आवरतो. तिथे ७० टक्क्यांच्या भिंतीची कोणाला गरज उरलेली नाही. गरज लागते ती वीस लाखांच्या वरच्या गाडीला. भिंत आहे म्हणून तिथे इथली कंपनीही भाव चढा ठेवू शकते. त्या गाडीचं गिऱ्हाईक राळेगावला कमी, त्यामुळे आपल्याला ते जाणवत नाही.

विजेच्या गाड्यांसाठी मार्च २०२४ मध्ये सरकारने वेगळा सौदा मांडला: ४,१५० कोटी रुपये गुंतवून इथे कारखाना काढा, तोवर ३५ हजार डॉलरच्या वरच्या गाड्या वर्षाला ८ हजारांपर्यंत १५ टक्के शुल्काने आणा. टेस्लाने मात्र गाड्याच आणल्या, कारखान्याची घाई केली नाही.

पोराने अमेरिकेचंही विचारलं असेल. ३ एप्रिल २०२५ पासून अमेरिकेने बाहेरच्या गाड्यांवर २५ टक्के शुल्क लावलं, महिन्याभराने भागांवरही. भारतातून तिकडे तयार गाड्या नगण्यच जातात, भाग मात्र बरेच जातात, म्हणून फटका पुण्याच्या भाग कारखान्यांना आणि टाटांच्या जॅग्वार लँड रोव्हरला, जिने एप्रिलमध्ये अमेरिकेला गाड्या पाठवणं काही काळ थांबवलं. पण शिकण्यासारखं वेगळंच आहे. पैसे परदेशी कंपन्या भरतील असं तिथे सांगितलं गेलं, आणि त्यांच्याच जनरल मोटर्सने एका तिमाहीत १.१ अब्ज डॉलरचा भार सोसल्याचं जाहीर केलं, कारण तिच्या बऱ्याच गाड्या मेक्सिको, कॅनडा आणि कोरियात बनतात. बिल बंदरावर आयातदार फाडतो. पुढे ते कोणाच्या खिशातून जातं हे ज्याला दुसरा पर्याय नाही त्याच्यावर ठरतं. गिऱ्हाईक दुसरी गाडी घेऊ शकत असेल तर कंपनी सोसते, नसेल तर गिऱ्हाईक. आणि एकदा लावलेलं शुल्क सहजी उठत नाही. जर्मनी-फ्रान्सने अमेरिकन कोंबड्यांवर शुल्क वाढवलं म्हणून चिडून अमेरिकेने १९६४ पासून बाहेरच्या छोट्या मालवाहू गाड्यांवर २५ टक्के लावलं. कोंबड्यांचं भांडण विझून दोन पिढ्या झाल्या, शुल्क तसंच आहे, आणि पिकअप हा अमेरिकन कंपन्यांचा सगळ्यात नफ्याचा माल होऊन बसला आहे.

आता तुमचा रागाचा प्रश्न. तो तिन्हींत खरा आहे.

शुल्काची एक चाल जगभर सारखीच दिसते: माल जितका कच्चा तितकं शुल्क कमी, जितका पक्का तितकं जास्त. पोलादावर ७.५, गाडीच्या भागावर १५, अर्धवट जोडलेल्या किटवर ३५, तयार गाडीवर ११०. कारखान्याला कच्चा माल स्वस्त मिळावा आणि त्याचा पक्का माल सुरक्षित राहावा, एवढाच तो विचार. त्यात कापूस कुठे बसतो? तुमच्या वावरातून बंडी भरून निघतो तेव्हा कापूस हा तुमचा पक्का माल आहे, वर्षभराच्या मेहनतीचा शेवट. पण दिल्लीच्या तक्त्यात सरकी काढलेल्या रुईची गाठ म्हणजे सूतगिरणीचा कच्चा माल. म्हणून तिच्यावर ११ टक्के होतं आणि तेही १९ ऑगस्ट २०२५ पासून उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. वेचणीचा आणि विक्रीचा भर नेमका त्याच महिन्यांत. कापडाला अमेरिकेत जादा शुल्क लागलं होतं, गिरण्यांना दिलासा हवा होता, तो कापूस पिकवणाऱ्याच्या खिशातून दिला गेला. मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० हमीभाव कागदावर होता. हमीभावाने घेणाऱ्या सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर नंबर लागेपर्यंत ज्याला दम नव्हता त्याने गावात येणाऱ्या व्यापाऱ्याच्या खेडा खरेदीत काय घेतलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

गाडी कारखाने देशात मोजके आहेत, एका टेबलाभोवती बसतात, आणि शुल्क कमी झालं तर किती गुंतवणूक अडकेल याचा आकडा त्यांच्या हातात तयार असतो. युरोपशी बोलताना म्हणूनच कोटा आला, टप्पे आले, उंबरठे आले. कापूस उत्पादक लाखोंनी आहेत आणि त्यांच्या वतीने टप्पे मागायला त्या खोलीत कोणी नव्हतं. मला यात कारस्थान दिसत नाही, संघटनेचा फरक दिसतो. पण परिणाम तोच.

मात्र उलटंही खरं धरू नका, की शुल्क वाढवलं की भाव येतोच. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं, सोयाबीनला हमीभाव ४,८९२ होता, तरी त्या हंगामात बाजार समितीत भाव खालीच राहिला, कारण सोयाबीनचा मोठा हिस्सा तेल काढल्यावर उरणारी ढेप असते आणि ढेपेचे जागतिक भाव पडलेले होते. पुढच्या मे महिन्यात शुल्क परत १६.५ वर आणलं. शुल्काने तेल महाग झालं ते तुम्हीही किराणा दुकानात भरलंच. म्हणजे विकताना मिळालं नाही आणि घेताना द्यावं लागलं.

राहिली नागपूरची जर्मन एसयूव्ही. सात-आठ लाखांत मिळते याचं कारण तिचा पहिला मालक शुल्काचे पैसे भरून मोकळा झाला आहे. पण ते एकदाच भरायचे नसतात. तिचा हेडलॅम्प फुटला तर तो बहुतेक परदेशातूनच येणार. १०० रुपयांचा भाग, त्यावर शुल्क-अधिभार लागून ११६ रुपये ५० पैसे, वर १८ टक्के जीएसटी, सुमारे १३७ रुपये. घाईत विमानाने मागवला तर विमानाचं भाडंही किमतीत धरून त्यावर शुल्क. गाडी स्वस्तात मिळाली म्हणून भाग स्वस्त होत नाही. तो नव्या गाडीच्याच भावाने येतो. राळेगावहून बंद पडलेली गाडी नागपूरला उचलून न्यायचा खर्च वेगळा. आणि कोणी दुबईची जुनी गाडी काढून देतो म्हणाला तर हात जोडा: तीन वर्षांच्या आतली, उजव्या स्टिअरिंगची अशा अटी आहेत आणि शुल्क नव्या गाडीपेक्षाही जड आहे, त्या भावात ती कायद्याने येऊच शकत नाही.

तरीही मन जडलंच असेल तर इसार देण्याआधी त्या गाडीचा चॅसिस नंबर घ्या, नागपुरात त्या कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर जा, आणि पुढचा हेडलॅम्प, एक शॉकअप आणि गिअरबॉक्सचं मेकाट्रॉनिक युनिट (ऑटोमॅटिक गिअर बदलणारा त्याचा मेंदू) या तिघांचे भाव आणि किती दिवसांत येतील ते कागदावर लिहून आणा. सौदा करणाऱ्याशी बोलणं त्या कागदानंतर.